रक्ताचा पाट वळवताना

ओढ्यावर मोरी बांधायची असली तर आपण काय करतो? वाहत्या पाण्यात पाया खणता येत नाही. म्हणून वरच्या अंगाला बांध घालतो, पाणी बाजूच्या चरातून वळवतो आणि खालच्या अंगाला पुन्हा ओढ्यात सोडतो. मधला तुकडा कोरडा झाला की गवंडी कामाला लागतो. मोरी होते आणि खालच्या शेतांचे पाणीही तुटत नाही.

मंडळी, हृदय उघडून शस्त्रक्रिया करताना डॉक्टर नेमके हेच करतात. फरक एवढाच की इथे वाहते ते पाणी नव्हे, रक्त असते. आणि खालच्या शेतांपैकी एक शेत म्हणजे माणसाचा मेंदू असतो. त्याचे रक्त चार-पाच मिनिटे तुटले तरी ते कायमचे करपू लागते. हा पाट सुखरूप वळवण्याची विद्या माणसाला कशी साधली, त्याची हकीकत आज आपण पाहू.

आधी हृदयाचे काम ध्यानात घ्या. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका मिनिटात जवळजवळ तेवढेच रक्त फिरवते. अंगभर फिरून काळपट झालेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते, तिथून फुप्फुसात जाते, तिथे कार्बन डायऑक्साइड टाकून प्राणवायू घेते, लालभडक होऊन डाव्या बाजूला येते आणि पुन्हा अंगभर जाते. म्हणजे हृदय आणि फुप्फुस ही एकाच रहाटाची दोन अंगे झाली. हृदय थांबवायचे तर फुप्फुसाचे कामही दुसऱ्या कोणी उचलले पाहिजे. म्हणूनच या यंत्राचे नाव ‘हृदय-फुप्फुस यंत्र’ असे जोडनाव पडले.

हृदयाला टाका घालणे त्याआधीही जमले होते. १८९६ मध्ये जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे डॉ. लुडविग रेन यांनी सुरा लागलेल्या एका माणसाच्या हृदयाची जखम शिवली आणि तो माणूस वाचला. पण ती शिवण बाहेरून होती, हृदय चालू असतानाच घातलेली. आत जन्मतःच छिद्र असले, झडप आवळली असली, तर ते डोळ्यांनी पाहून दुरुस्त करण्याचा मार्ग नव्हता.

पुढचे पाऊल पडले अमेरिकेत. १९३०-३१ च्या सुमारास बोस्टन शहरातल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात जॉन गिबन नावाचे एक तरुण डॉक्टर एका रुग्ण बाईच्या उशाशी रात्रभर बसले होते. बाईच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत रक्ताची गाठ अडकली होती. गिबन यांचे काम एवढेच, की नाडी आणि रक्तदाब पाहून लिहून ठेवायचा. बाईचे रक्त काळवंडत चालले होते. त्या रात्री त्यांच्या मनात आले, हे काळे रक्त नळीने बाहेर काढले, त्यात प्राणवायू घातला आणि पुन्हा रोहिणीत सोडले, तर ही बाई तग धरणार नाही का? सकाळी छाती उघडून गाठ काढली, पण बाई गेली. तो विचार मात्र गिबन यांनी सोडला नाही. तो खरा व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

तुम्ही म्हणाल, पंप आणि नळ्या जोडायला एवढा काळ कशाला? तर ऐका. रक्त म्हणजे नुसते लाल पाणी नव्हे. ते शरीराबाहेर आले की चार अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण, रक्त गोठते. काचेला किंवा रबराला लागले की काही मिनिटांत त्याची गाठ होते. यावरचे औषध सापडले ते दुसरेच काही शोधताना. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला सापडला उलट गुणाचा, गोठू न देणारा! त्यातूनच पुढे ‘हेपॅरिन’ आले. ग्रीक भाषेत यकृताला ‘हेपार’ म्हणतात. कुत्र्याच्या यकृतातून ते मिळाले म्हणून हे नाव. शस्त्रक्रिया संपली की त्याचा गुण उतरवावाही लागतो, नाहीतर जखम वाहतच राहील. तो उतारा म्हणजे ‘प्रोटामीन’, जे मुळात माशांपासून काढले गेले.

दुसरी अडचण, रक्ताला प्राणवायू द्यायचा कसा. त्यात वायूचे बुडबुडे सोडले तर फेस येतो, आणि तो फेस मेंदूत गेला तर घात होतो. तिसरी अडचण, रक्तातल्या तांबड्या पेशी नाजूक असतात. पंपाने त्या चिरडल्या तर त्यांतला रंग रक्तात विरघळतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. चौथी अडचण, बाहेरच्या नळ्यांतून फिरताना रक्त थंड होते, त्याचे तापमान सांभाळावे लागते.

गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी या अडचणींशी जोडीने झुंज दिली. १९३५ मध्ये त्यांनी एका मांजरीचे रक्ताभिसरण काही वेळ यंत्रावर चालवले आणि नंतर तिचे हृदय पुन्हा कामाला लागले. मग महायुद्ध आले, काम खोळंबले. युद्धानंतर आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी त्यांना इंजिनिअर आणि पैसा यांची मदत दिली. नव्या यंत्रात तारेच्या उभ्या जाळ्या होत्या. त्यांवरून रक्ताचा पातळ पापुद्रा ओघळे आणि बाजूचा प्राणवायू शोषून घेई.

६ मे १९५३. फिलाडेल्फियाच्या जेफर्सन रुग्णालयात १८ वर्षांची एक मुलगी टेबलावर होती. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होते. गिबन यांनी ते शिवले, आणि २६ मिनिटे तिचा जीव संपूर्णपणे त्या यंत्रावर होता. मुलगी बरी होऊन घरी गेली. यंत्राच्या आधाराने हृदय उघडून केलेली जगातली ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरे झाले असते. पण या मुलीच्या आधी एक लहान मूल आणि नंतर दोन लहान मुली दगावल्या. गिबन यांनी यंत्र बाजूला ठेवले. त्यांनी स्वतः ते पुन्हा कधी वापरले नाही. पण यंत्राचे आराखडे त्यांनी दडवून ठेवले नाहीत, मागायला आलेल्यांना ते दिले. ही गोष्ट मला त्या शस्त्रक्रियेइतकीच मोठी वाटते.

इकडे मिनेसोटा राज्यात दुसरी खटपट चालू होती. १९५२ च्या सप्टेंबरात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे अंग थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून, हृदयातले छिद्र शिवले. अंग थंड असले की मेंदूची भूक कमी होते, तो थोडा अधिक वेळ धीर धरतो. पण त्या अवधीत साधे छिद्रच शिवून होई.

मग त्याच मिनिआपोलिस शहरात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी अंगावर शहारे आणणारा मार्ग काढला. यंत्र नाही ना? मग बापच यंत्र! मुलाचे रक्त बापाच्या किंवा आईच्या नीलेत सोडायचे, त्यांच्या फुप्फुसात ते शुद्ध होऊ द्यायचे आणि त्यांच्या रोहिणीतून पुन्हा मुलाला द्यायचे. २६ मार्च १९५४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया साधली, पण ते बाळ काही दिवसांनी न्यूमोनियाने गेले. तरी पुढचे आईबाप आले. एकूण ४५ जणांवर अशी शस्त्रक्रिया झाली आणि २८ जण बरे होऊन घरी गेले. त्या काळी या मुलांना दुसरी आशाच नव्हती. एका आईच्या रक्तात मात्र हवा शिरली आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. एकाच खोलीत दोन जीव पणाला लागतात, अशी टीका झाली. ती खोटी नव्हती.

१९५५ साली दोन्ही वाटा यंत्रापाशी येऊन मिळाल्या. मार्चमध्ये रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकात डॉ. जॉन कर्कलिन यांनी गिबन यांच्या आराखड्यांवरून सुधारलेले यंत्र चालवले. पहिल्या आठ रुग्णांपैकी चार जगले. मे महिन्यात लिलेहाय यांचे तरुण सहकारी रिचर्ड डीवॉल यांनी बुडबुड्यांचे साधे, स्वस्त यंत्र पुढे आणले. फेस मारणारे औषध आणि वेटोळी घातलेली प्लॅस्टिकची नळी, एवढ्यावर काम भागले. जड रक्त वेटोळ्यातून खाली उतरे आणि हलके बुडबुडे वरच राहत. अशा स्वस्त यंत्रामुळे ही विद्या चार मोठ्या रुग्णालयांपलीकडे जाऊ शकली.

आता हे काम कसे चालते ते पाहा. नळ्यांमध्ये आधी मीठपाण्यासारखे द्रावण भरून सगळी हवा बाहेर काढतात. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथे हवा राहिली तर माणूस जातो. मग वजनाच्या दर किलोमागे साधारण ३०० एकके हेपॅरिन देतात आणि रक्त गोठायला किती वेळ घेते ते मोजतात. एरवी दोनेक मिनिटे लागतात. यंत्र सुरू करण्याआधी बहुतेक ठिकाणी तो वेळ ४८० सेकंदांच्या वर गेलेला पाहतात. हृदयाकडे येणारे रक्त एका टाकीत उतरते. तिथून पंप ते पुढे ढकलतो आणि बारीक पोकळ तंतूंच्या जुडीतून जाताना त्याला प्राणवायू मिळतो. बुडबुड्यांची जागा या तंतूंनी १९८० नंतर घेतली. शेवटी पोटॅशियमचे द्रावण देऊन हृदय शांत करतात. काम झाले की अंग उबदार करतात, हृदय पुन्हा ठोके घेऊ लागते, यंत्राचा वेग हळूहळू उतरवतात आणि प्रोटामीन देतात.

या यंत्रापाशी एक माणूस बसलेला असतो. त्याला पर्फ्युजनिस्ट म्हणतात. वर्तमानपत्रात त्याचे नाव सहसा येत नाही. टाकीत रक्त किती, दाब किती, रक्ताचा रंग कसा, तापमान किती, लघवी होते की नाही, हे सगळे त्याने सतत पाहायचे आणि लिहायचे. टाकी रिती झाली तर पंप हवा ढकलेल, आणि त्याला क्षणांचीच सवड असते. आज धोक्याची घंटा वाजवणारी साधने आहेत, पण वीज गेली तर हाताने फिरवायचा दांडा अजूनही जवळ ठेवलेला असतो. पाटावर राखण ठेवावी लागते, ती अशी.

आपल्याकडेही १९६० नंतर ही शस्त्रक्रिया रुजू लागली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण त्या धाडसामागे ही सगळी विद्या उभी होती.

आता शेवटचे, आणि ते गुरुजींना व बाईंना उद्देशून. हे यंत्र शहरात असते, पण ते ज्याच्या कामी यायचे ते मूल तुमच्या वर्गात बसलेले असते. खेळताना इतरांआधी धापा टाकणारे, ओठ-नखे निळसर दिसणारे, वजन न वाढणारे. ‘आळशी आहे’ असे म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवू नका. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्याला ते मूल आवर्जून दाखवा. सगळ्याच छिद्रांना शस्त्रक्रिया लागत नाही; काही आपोआप बुजतात, काही आता रक्तवाहिनीतून नळी घालून बंद करतात. आणि मुलाचा घसा वारंवार दुखून ताप येत असेल तर त्याचा वेळीच इलाज करायला सांगा. त्यातूनच पुढे सांधेतापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

रक्ताचा पाट वळवायला माणसाला वीस वर्षे लागली आणि कित्येक आईबापांनी त्याची किंमत मोजली. ती वाट आता तयार आहे. मुलाला वेळेवर तिथपर्यंत पोचवणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते थोडे नाही.