दामाजीपंतांच्या कोठारापासून पीकविम्यापर्यंत: दुष्काळाची जोखीम कोणी पेलायची?

१/
विद्यापीठांत आज वाणिज्य, व्यवस्थापन आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी 'वित्तीय जोखीम व्यवस्थापन' हा विषय शिकतात. त्यातील उदाहरणे बहुधा लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारांतली असतात. या विषयातला एक अतिशय अवघड प्रश्न मात्र पंढरपूरच्या परिसराने शतकानुशतके भोगला आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातील एका संस्थेत शोधले गेले. त्या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड

२/
प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत 'जोखीम' म्हणजे धोका. आणि जवळ बाळगलेला सोन्यानाण्याचा ऐवजही 'जोखीम'च. जुन्या व्यापारात 'जोखमी हुंडी' प्रचलित होती. माल पाठवणारा व्यापारी ही हुंडी विकून पैसे आधीच मोकळे करी. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे मिळत. वाटेत बुडाला तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचे. धोक्याची किंमत ठरवून तो दुसऱ्याकडे सोपवणे आपल्या पेढ्यांना ठाऊक होते.

३/
हा व्यवहार चालतो, कारण सगळी गलबते एकाच दिवशी बुडत नाहीत. दहा पोहोचतात, एक बुडते. दहांच्या नफ्यातून एकाचे नुकसान भरून निघते. आयुर्विमा आणि आगीचा विमा याच हिशेबावर उभे आहेत. दुष्काळात हा हिशेब मोडतो. पाऊस एका शेताला चुकत नाही, सबंध मुलुखाला चुकतो. सगळीच गलबते एकदम बुडतात.

४/
पंढरपूरचा भूगोल हे नेमके दाखवतो. भीमा उगम पावते सह्याद्रीत, भीमाशंकरला. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की पंढरपुरात चंद्रभागा दुथडी भरून वाहते. पण हा भाग पर्जन्यछायेतला. नदीला पूर आणि शिवारातली ज्वारी मात्र करपलेली, असे दृश्य इथे अशक्य नाही.

५/
पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर मंगळवेढा. पंधराव्या शतकात तेथे बिदरच्या बहमनी सत्तेचे अधिकारी दामाजीपंत होते, असे परंपरा सांगते. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त त्यांची कथा येते. दुष्काळात पंढरपूरहून एक भुकेला ब्राह्मण येतो, पंढरपूरची दैना कळते, आणि दामाजीपंत सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली करतात.

६/
बादशहा हिशेब मागतो. तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरला जातो, धान्याची किंमत मोहरांत भरतो आणि रीतसर पावती घेतो. ही भक्तिकथा आहे, दप्तरातला पुरावा नव्हे. तरीही तिच्यातली दोन निरीक्षणे इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपावीत. सर्वांवर एकदम कोसळणारे संकट गावच्या बळावर पेलत नाही. त्यासाठी मोठी तिजोरी लागते. आणि धान्य वाटले तरी तूट कोणाच्या तरी नावे लिहिली जातेच. कथेत ती देवाने भरली.

७/
इंग्रजी अमलात तूट कोणाच्या नावे लिहिली गेली? रयतवारी पद्धतीत सारा रोख रकमेत आणि दीर्घ मुदतीसाठी ठरलेला असे. सरकारचे उत्पन्न त्यामुळे स्थिर झाले. पाऊस कमी पडण्याची आणि भाव कोसळण्याची जोखीम मात्र शेतकऱ्याच्या खांद्यावर आली. सारा भरण्यासाठी तो सावकाराकडे गेला. सावकाराने ती जोखीम व्याजाच्या दरात आणि जमिनीच्या गहाणखतात मोजून घेतली.

८/
१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि दख्खनच्या कापसाला चढे भाव आले. पतही सैल झाली, कर्जे वाढली. युद्ध संपले, भाव उतरले, कर्जे राहिली. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

९/
त्याआधीच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ सोलापूर जिल्ह्यावर येऊन गेला होता. ऋणको आणि धनको एकाच शिवारातले. एकाचे पीक बुडाले की दुसऱ्याचे येणे बुडते. अशा वेळी स्थानिक पत नेमकी तेव्हाच आटते, जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते. पुढे सरकारने दुष्काळ संहिता केल्या, दुष्काळी कामे काढली. पण ती मदत संकट आल्यानंतरची होती. आगाऊ तरतुदीचा प्रश्न तसाच राहिला.

१०/
१९२० मध्ये म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी एक योजना मांडली. प्रत्येक शेताचे नुकसान पाहत बसण्याऐवजी त्या भागात पाऊस किती पडला, यावर विमा द्यावा, असे तिचे सूत्र होते. ती काळाच्या फार पुढे होती. अमलात आली नाही. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि शेती, दुष्काळ, दारिद्र्य हे विषय आकडेवारीने अभ्यासण्याची परंपरा तेथे रुजली.

११/
प्रत्यक्ष पीकविमा १९७२ मध्ये गुजरातच्या कापसापासून सुरू झाला. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजायचे, अशी पद्धत होती. महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत ती नेण्यात आली. १९७८ पर्यंत अवघे ३,११० शेतकरी सहभागी झाले. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये, भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख रुपये. लाखो शेतांवर निरीक्षक पाठवणे परवडणारे नव्हते. आणि पीक पावसाने गेले की दुर्लक्षाने, हे ठरवणेही कठीण होते.

१२/
गोखले संस्थेचे तत्कालीन संचालक, साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर, यांनी १९७६ मध्ये यावर निबंध लिहिला. त्यांचा प्रस्ताव सरळ होता: एकसारखी शेती असलेला प्रदेश हाच विम्याचा घटक माना. त्या प्रदेशाचे सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेले, तर तेथील सर्व विमाधारकांना समान प्रमाणात भरपाई द्या. तूट भरून काढायला पंढरपूरचा दुष्काळ पंढरपुरातच वाटून चालणार नाही. तो देशभर आणि अनेक वर्षांवर पसरवावा लागेल.

१३/
यासाठी विश्वासार्ह सरासरी हवी. गावोगावी नजर अंदाजाने ठरणारी 'आणेवारी' (नंतरची 'पैसेवारी') त्याला पुरी पडणारी नव्हती. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी, वि. गो. पानसे यांच्यासह, १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची यादृच्छिक नमुना पद्धत विकसित केली होती. चिठ्ठी टाकावी तशी काही शेते निवडायची, ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, धान्य तोलायचे. विम्याची इमारत या तराजूवर उभी राहिली.

१४/
१९७९ मध्ये दांडेकरांच्या पद्धतीवर प्रायोगिक योजना निघाली. १९८४-८५ पर्यंत तिच्यात ६.२७ लाख शेतकरी आले, हप्ता १९६.९५ लाख रुपये, भरपाई १५७.०५ लाख रुपये. हिशेब जुळला. १९८५ मध्ये देशव्यापी सर्वंकष पीकविमा योजना आली आणि तेथे तो पुन्हा विस्कटला. १९९९ पर्यंत सुमारे ४०० कोटींच्या हप्त्यापोटी २,३०० कोटींच्या वर भरपाई गेली. फरक सरकारी तिजोरीने सोसला.

१५/
१९८५ च्या योजनेत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. विमा पीककर्जाला जोडला होता. म्हणजे बँक किंवा सोसायटीचे कर्ज घेणाऱ्यालाच संरक्षण, आणि भरपाईने आधी कर्ज सुरक्षित होई. सावकाराच्या दारात उभा असलेला शेतकरी बाहेरच राहिला. जोखमीचा कोणताही करार वाचताना म्हणूनच विचारावे: यात नेमके रक्षण कोणाचे होते?

१६/
दांडेकरांच्या पद्धतीलाही किंमत आहे. मंडळाची सरासरी चांगली आली, पण गारपिटीने एकाचेच शेत झोडपले, तर त्याच्या हाती काही लागत नाही. विद्यापीठात याला 'बेसिस रिस्क' म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंब आणि द्राक्ष बागांना हवामानावर आधारित विमा असतो. तेथे प्रश्न अधिकच टोकदार होतो: पर्जन्यमापक एका ठिकाणी, बाग दुसऱ्या ठिकाणी. मापन स्वस्त करायचे तर थोडा अन्याय पत्करावा लागतो. अन्याय टाळायचा तर मापन महागते.

१७/
हप्ता कोणी भरायचा, हा वादही जुनाच. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीकविमा योजना आली. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला. २०२५ मध्ये ती सवलत मागे घेण्यात आली. एका रुपयाने जोखीम एक रुपयाची होत नाही. उरलेला हप्ता सरकार भरते, म्हणजे शेवटी करदाता भरतो. हे योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण ते उघड मांडून ठरवायला हवे.

१८/
आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात आणि चांगल्या पावसासाठी साकडे घालतात. दामाजीपंतांच्या कथेत देवाने मोहरा मोजून पावती घेतली होती. आता ती पावती करून ठेवणे आपले काम आहे, आणि तेही दुष्काळ येण्यापूर्वी.

आपल्या गावची गेल्या काही वर्षांची पैसेवारी आणि जवळच्या पर्जन्यमापकाचे ठिकाण जरूर शोधून पाहा. जोखीम व्यवस्थापनाचा पहिला धडा तिथेच सापडेल.