हैदराबादच्या खडकातला चमकता दगड : हिरा की गारगोटी?

हैदराबादेत पायाच्या खोदकामात किंवा टेकडीवर अर्धपारदर्शक दगड सापडला की 'गोवळकोंड्याचा हिरा' अशी चर्चा सुरू होते. देगलूर-बिलोलीकडून तिकडे कामाला गेलेला माणूसही तो जपून गावी आणतो. बहुतेक वेळा ती निघते गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. तिथला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याच्या भेगांत गारगोटीचे पांढरे पट्टे असतात. गोवळकोंडा ही मुळात हिऱ्यांची बाजारपेठ. कोल्लूरसारख्या खाणी दूर कृष्णाकाठी, आजच्या आंध्र प्रदेशात होत्या.

काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, हा समज चुकीचा आहे. गारगोटीचे काठिण्य ७, हिऱ्याचे १०. काचेवर दोन्ही ओरखडा काढतात. कॅल्साइट ३ वरच, त्यावर सुरीचाही ओरखडा उठतो. आत गोल बुडबुडे दिसले तर बहुधा काचेचाच तुकडा.

खरी परीक्षा वजनाची. दगड आधी कोरडा तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून. जेवढे वजन घटले, त्याने कोरड्या वजनाला भागायचे. उत्तर २.६५ च्या आसपास आले तर गारगोटी, ३.५ आले तरच रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा खर्च करावा. त्याआधी 'गिऱ्हाईक लावून देतो' म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. आणि हातोडा तर मारूच नये, अस्सल हिराही फुटतो.