विडंबन-पोस्ट (फुटबॉल)

विडंबन-पोस्ट : राष्ट्रीय फुटबॉल संघाचा पराभव, खेळाडूंची निवड किंवा महासंघाचा एखादा निर्णय यांवर चाहत्यांनी समाजमाध्यमांवर टाकलेला उपहासपर मजकूर वा चित्र. मराठी वाचकाला विडंबन हा प्रकार प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहामुळे परिचित आहे. कवितेच्या विडंबनात मूळ रचनेचे वृत्त व शब्दकळा राखून आशय उलटवला जातो. येथे तेच बातमीपट्टी, गुणफलकाचे चित्र किंवा सरकारी परिपत्रक यांच्या बाबतीत घडते. परिपत्रकाच्या नक्कलेत जावक क्रमांक, दिनांक, ‘विषय’ व ‘संदर्भ’ ही चौकट जशीच्या तशी ठेवून विषयाच्या ओळीत तेवढी अशक्य गोष्ट घातली जाते, आणि भोवतालची चौकट जितकी चोख, तितकी ती ओळ अधिक उठून दिसते.

या उपहासाला नागपुरात जुनी लोकपरंपरा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शहरात काळी व पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा 1881 पासूनची, तर पिवळीची 1885 पासूनची सांगितली जाते. त्यांच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे बांबू, कागद व चिंध्यांचे पुतळे, त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर वा पुढाऱ्यांवर फलकांद्वारे टीका करतात आणि अखेरीस जाळले जातात. बडग्याला कोणीही खरा माणूस समजत नाही, म्हणूनच त्याच्या गळ्यातील फलक कितीही तिखट असला तरी लोकांना खपतो. पोस्टला मात्र मिरवणुकीची ही चौकट नसते. ती पुढे पाठवली जाताना मूळ खाते व संदर्भ गळून पडतात आणि नक्कल खरी मानली जाऊ लागते.

नक्कल कोठवर जाऊ शकते, हे जुलै 2025 मध्ये दिसले. भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी नामवंत स्पॅनिश प्रशिक्षक झावी हर्नांडेझ यांनी अर्ज केल्याची बातमी देशोदेशी पसरली. त्यानंतर झावी व तितकेच नामवंत प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नसल्याचे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला जाहीर करावे लागले. 1 ऑगस्टला खालिद जमील यांची त्या पदावर नियुक्ती झाली. ते ई-मेल चाहत्यांच्या करमणुकीसाठी उघडपणे मांडलेले नव्हते, तर अर्ज म्हणूनच आले होते. त्यामुळे त्यांना विडंबन न म्हणता तोतयेगिरी म्हणणे युक्त ठरते.

कायद्यातही हा भेद महत्त्वाचा आहे. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक करण्याविरुद्धचे कलम 66-ड मात्र कायम आहे. म्हणून खात्याच्या नावात ‘विडंबन’ असा उल्लेख करणे आणि तीच खूण चित्रावरही उमटवणे आवश्यक असते, कारण चित्र खात्यापासून सुटून फिरते.

चाहत्यांच्या टीकेचे मोल संघानेही मान्य केले आहे. जून 2018 मध्ये कर्णधार सुनील छेत्री याने चित्रफितीद्वारे चाहत्यांना टीका करण्यासाठी, शिव्या देण्यासाठी का होईना, पण मैदानात येण्याचे आवाहन केले, आणि 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला मुंबईतील अंधेरीचे मैदान भरून गेले. उघड नावाने, उघड खुणेने केलेले विडंबन हे त्याच आपुलकीचे रूप होय.