कुलूप न लावलेलें गाणें

कलावंतानें आपली कृति विकावी, पण ती गिऱ्हाइकाच्या हातीं देतांना तिला कुलूप लावूं नये, हें बोलणें वरवर पाहतां वेडेपणाचें वाटेल. तथापि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संगीताच्या व्यापारांत हा प्रयोग झाला, आणि त्याची हकीकत मननीय आहे.

इंटरनेटमुळें ध्वनिमुद्रित गाण्याची नक्कल करणें हें निमिषाचें काम झालें, तेव्हां मोठ्या कंपन्यांनीं आपल्या गाण्यांना नक्कल-प्रतिबंधक यंत्रणा जोडण्यास आरंभ केला. २००५ सालीं सोनी बीएमजी या कंपनीच्या कांहीं सीडी संगणकांत घालतांच एक छुपी आज्ञावली त्यांत शिरे. तिच्यामुळें संगणकाची सुरक्षितता धोक्यांत येते असें उघडकीस आल्यावर कंपनीला त्या तबकड्या परत मागवाव्या लागल्या. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्यानें दाम मोजले त्याच्याच घरांत हें विघ्न शिरलें. फुकट नक्कल मिळविणारा सुखरूप राहिला! चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें तें हेंच.

त्याच वर्षीं अमेरिकेंत जोनाथन कोल्टन नामक गृहस्थानें आज्ञावली लिहिण्याची नोकरी सोडली व दर आठवड्यास एक याप्रमाणें वर्षभर गाणीं प्रसिद्ध करण्याचा नेम धरिला. गाण्यांना कुलूप नव्हतें. इतकेंच नव्हे, तर व्यापाराचा हेतु नसल्यास तीं वाटण्याची त्यानें परवानगीच दिली होती. तरीहि विकत घेणारे भेटले आणि गायन हाच त्याचा चरितार्थ झाला. पुढें १० ऑक्टोबर २००७ रोजीं इंग्लंडांतील रेडिओहेड या वाद्यवृंदानें 'इन रेनबोज' हा गीतसंग्रह स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवून किंमत ठरविण्याचें काम गिऱ्हाइकावरच सोंपविलें. मार्च २००८ मध्यें अमेरिकेंतील नाइन इंच नेल्स या मंडळीनें ३६ वाद्यगतींचा 'घोस्ट्स' हा संग्रह ५ डॉलरांस विक्रीस काढला. तो विनामूल्य वाटण्याची कायदेशीर मुभा होती. तरी अमेझॉनच्या दुकानांत त्या वर्षीं सर्वांत अधिक खपलेला एमपीथ्री संग्रह तोच ठरला. २००९ मध्यें ॲपलनेंहि आपल्या दुकानांतील गाण्यांचीं कुलुपें काढलीं.

यावरून, विश्वास टाकला कीं लक्ष्मी आपोआप चालून येते, असें कोणी समजेल तर तो भाबडेपणा होईल. वरील दोन्ही वाद्यवृंद आधींच जगप्रसिद्ध होते, आणि ती प्रसिद्धि त्यांना मोठ्या कंपन्यांच्याच भांडवलावर लाभली होती. अनामिक कलावंताला चोरीपेक्षां, आपलें कोणी ऐकेल कीं नाहीं, हीच विवंचना अधिक असते. कोल्टनला तारलें तें ५२ आठवड्यांच्या अखंड परिश्रमानें.

परंतु या तिघांच्या अनुभवांतून एक गोष्ट निःसंशय दिसून आली. वस्तु फुकट मिळत असतांहि तिचें मोल देणारे लोक असतात. आणि ते कुलपाच्या धाकानें देत नाहींत, गाणारा जगावा व त्यानें आणखी गावें, या इच्छेनें देतात. कुलपानें चोर थांबला नाहीं. ही इच्छा मात्र दुखावली गेली.