अडुळसा

(सं. वासा, वासक, वृष, आटरूषक, हिं. अडूसा, गु. अरडूसी, क. आडुसोगे, त. आडातोडै). ॲकँथेसी कुलातील, म्हणजे कोरांटी, अबोली आणि कारवी यांच्या कुलातील, सदाहरित झुडूप. लिनीअसने १७५३ मध्ये त्याला जस्टिसिया ॲढॅटोडा असे नाव दिले. पुढे ॲढॅटोडा व्हॅसिका हे नाव रूढ झाले आणि औषधशास्त्राच्या पुस्तकांत ते इतके मुरले, की वनस्पतिशास्त्रज्ञ पुन्हा जुन्या नावाकडे वळले तरी औषधांच्या बाटल्यांवर अजून दुसरेच आढळते. वनस्पती एकच. भारत, श्रीलंका, नेपाळ, पाकिस्तान व म्यानमार या भागांत ती रानटी वाढते, तशीच लावलेलीही असते.

झुडूप साधारण १ ते २.५ मी. उंच होते. पाने समोरासमोर, लांबट, टोकदार, १० ते २० सेंमी. लांबीची आणि चवीला अतिशय कडू असतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत हिरव्या छदांनी भरलेल्या कणसांवर पांढरी, द्वयोष्ठी फुले येतात. खालच्या ओठावर जांभळट रेषा असतात. गुरे आणि शेळ्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणासाठी अडुळसा सोयीचा. फांदीचा तुकडा ओलसर मातीत खोचला की तो रुजतो. पानांचे हिरवळीचे खतही करतात.

आयुर्वेदात अडुळशाचा मुख्य उपयोग कास, श्वास आणि रक्तपित्त यांवर सांगितला आहे. रक्तपित्त म्हणजे नाक, तोंड इत्यादी मार्गांनी होणारा रक्तस्राव. खोकल्यातून रक्त पडणाऱ्या क्षयाच्या रोग्यालाही वासा दिली जाई, आणि क्षयावर नेमके औषधच नव्हते त्या काळात रोग्याला मिळणारा हा आराम थोडा नव्हता. वासावलेह, वासारिष्ट व वासाघृत हे कल्प आजही बनतात. घरगुती उपचारात पानांचा रस मध किंवा खडीसाखर घालून देतात, नाहीतर ज्येष्ठमध आणि पिंपळीबरोबर काढा करतात.

रस काढण्याची जुनी रीत मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. अडुळशाचे पान दिसायला रसरशीत, पण नुसते ठेचून पिळले तर हाती फारसे काही लागत नाही. म्हणून पाने वाटून त्यांचा गोळा करायचा, तो दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि माती लालसर होईपर्यंत निखाऱ्यात भाजायचा. मग लेप फोडून आतला मऊ झालेला गोळा कापडातून पिळला की रस सुटतो. हाच पुटपाक. घरोघरी त्याऐवजी पाने वाफवून घेतात, तत्त्व तेच.

रासायनिक शोधाची सुरुवात १८८८ मध्ये झाली. डेव्हिड हूपर यांनी पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले. त्याचे नाव व्हॅसिसीन. पुढे हरमल या अगदी वेगळ्या कुलातील वनस्पतीत मिळालेले पेगॅनीन हेही तेच द्रव्य असल्याचे उघड झाले. व्हॅसिसीन हे क्विनॅझोलीन गटातील संयुग असून त्याचे रेणुसूत्र C₁₁H₁₂N₂O असे आहे. हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात त्याचे व्हॅसिसिनोन बनते, त्यामुळे साठवलेल्या पानात या दोहोंचे प्रमाण ताज्या पानासारखे राहत नाही. वाळलेल्या पानांतील व्हॅसिसीन साधारण ०.५ ते २ टक्के भरते, आणि तेही प्रदेश व हंगाम यांनुसार बदलते. एका बाटलीतला काढा दुसऱ्या बाटलीइतकाच प्रभावी असेल असे गृहीत धरता येत नाही, त्याचे कारण हेच.

कलकत्त्यात रा. ना. चोप्रा व सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये व्हॅसिसीनच्या औषधी क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५९ मध्ये अमीन व मेहता यांनी व्हॅसिसिनोन श्वासनलिका सैल करते असे दाखवले. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत झालेल्या कामातून व्हॅसिसीनची दुसरी बाजू पुढे आली : ते गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणते आणि गर्भपातही करू शकते. खोकल्यावर निर्धोक म्हणून गरोदर स्त्रीला अडुळशाचा काढा देण्याची चाल त्यामुळे धोक्याची आहे. गरोदरपणात तो वैद्यकीय सल्ल्यावाचून कधीही देऊ नये.

आधुनिक औषधनिर्मितीवर या झुडपाची छाप ब्रोमहेक्झीनमधून दिसते. व्हॅसिसीनच्या रेणूचा धागा धरून, त्यात ब्रोमीनचे दोन अणू आणून, हे कृत्रिम संयुग तयार करण्यात आले आणि १९६३ मध्ये ते जर्मनीतून बाजारात आले. ते घट्ट कफ पातळ करते. शरीरात त्याच्यापासून बनणारे ॲम्ब्रॉक्झॉल पुढे स्वतंत्र औषध झाले, आणि आज खोकल्याच्या कितीतरी सिरपांत ते असते. मात्र ब्रोमहेक्झीन म्हणजे अडुळशाचा अर्क नव्हे. एकावर झालेल्या चाचण्यांचे श्रेय दुसऱ्याला देणे चूक आहे, आणि जाहिरातींत ही गल्लत वारंवार होते. क्षयाबाबतही तसेच. ब्रोमहेक्झीन व ॲम्ब्रॉक्झॉल परीक्षानळीत क्षयजंतूंची वाढ रोखतात असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. जुन्या वैद्यांच्या निरीक्षणाशी जुळणारा हा धागा मोलाचा आहे; परंतु त्याच्या भरवशावर क्षयाच्या रोग्याने नेहमीची औषधे थांबवणे जिवावर बेतेल.

केरळात जस्टिसिया बेडोमी ही लहान पानांची जाती अधिक गुणकारी मानून वापरतात. पश्चिम भारतात मात्र घोटाळा वेगळा आहे : गुजरातीत अरडूसी म्हणजे अडुळसा, तर अरडूसो म्हणजे महारुख, आणि वाळलेल्या मालात महारुखाच्या पानांची भेसळ होते. ताजी पाने ओळखायला सोपी असतात. महारुखाची पर्णिका करवती कडेची व तळाशी तिरकी असते, अडुळशाचे पान साधे आणि अखंड कडेचे. चुरा झाल्यावर ही खूण जाते. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पानातील सिस्टोलिथ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या लांबट गाठी, शोधाव्या लागतात.