बर्लिन ते लंडन : बालकांच्या वाटेनें सायकलप्रवास

परोपकारासाठीं द्रव्य जमविण्याच्या हेतूनें लांब पल्ल्याचा सायकलप्रवास करण्याची चाल युरोपांत रूढ झाली आहे. असे पुष्कळ प्रवास वर्तमानपत्रांत चार ओळी मिळवून विस्मृतींत जातात. परंतु सन २०१८ च्या जून महिन्यांत सुमारें चाळीस मंडळी बर्लिनहून लंडनला सायकलींवरून गेली, तें वृत्त आम्हांस निराळें वाटलें. कारण हीच वाट ऐंशीं वर्षांपूर्वीं लहान मुलांनीं आगगाडी व जहाज यांनीं काटली होती.

१९३८ च्या नोव्हेंबरांत, ९ व १० तारखेस, जर्मनींत यहूदी लोकांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं आणि सुमारें ३०,००० पुरुष बंदिछावण्यांत डांबले गेले. तेव्हां लंडन येथें यहूदी पुढारी व क्वेकर पंथाची मंडळी यांनीं गृहमंत्री सर सॅम्युएल होर यांची भेट घेतली, व सरकारनें सतरा वर्षांखालील मुलांस देशांत येण्याची मुभा दिली. २ डिसेंबर रोजीं पहिलीं सुमारें २०० मुलें हॅरिच बंदरांत उतरलीं. त्यांत बर्लिनच्या एका अनाथालयांतील मुलें होतीं. त्यांचें अनाथालय त्याच दंगलींत उद्ध्वस्त झालें होतें.

आईबापांस मात्र बरोबर येण्याची परवानगी नव्हती. एक पेटी, दहा मार्क आणि गळ्यांत क्रमांकाची चिठ्ठी, एवढ्यावर मूल निघे. पुढें प्रत्येक मुलामागें ५० पौंडांची हमी मागण्यांत आली. दयेचाही असा भाव ठरावा, हें आम्हांस बोचतें. तथापि अमेरिकेंत २०,००० मुलांस आश्रय देण्याचें विधेयक १९३९ मध्यें मांडलें गेलें आणि तें बारगळलें, हें ध्यानांत घेतां ब्रिटननें उघडलेलें हें दार लहान म्हणवत नाहीं.

त्या दारापर्यंत मुलांस पोहोंचविणाऱ्यांत गेर्ट्रुडा वाइसम्युलर या डच बाईंचें नांव अग्रभागीं येतें. डिसेंबर १९३८ मध्यें त्या व्हिएन्नांत आइखमन या नाझी अधिकाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या व ६०० मुलांचा परवाना घेऊन आल्या. युद्ध पेटेपर्यंत एकंदर सुमारें १०,००० मुलें ब्रिटनला पोहोंचलीं. त्यांत कांहीं ख्रिस्ती घराण्यांतीलही होतीं. पूर्वज यहूदी, म्हणून बाप्तिस्म्याची गणना नाझी कायद्यानें केली नाहीं. युद्ध संपल्यावर यांपैकीं बहुतेकांस कळलें कीं, फलाटावर निरोप देणारे आईबाप आतां हयात नाहींत.

सायकलस्वार निघाले ते बर्लिनच्या फ्रीड्रिखश्ट्रासे स्थानकापासून. तेथें फ्रँक माइस्लर यांनीं घडविलेलीं बालकांचीं शिल्पें आहेत : दोन मुलें जीवनाकडे निघालेलीं, पांच मृत्यूकडे. माइस्लर हे स्वतः डान्झिग शहरांतून असेच आलेलें मूल. त्यांचींच शिल्पें हूक ऑफ हॉलंड बंदरांत व लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरही आहेत. सहा दिवसांत सुमारें ६०० मैल तुडवीत, हूकहून जहाजानें हॅरिचला उतरून, मंडळी लंडनास पोहोंचली. तींत ऐंशीं वर्षांचे एक गृहस्थ होते. १९३९ मध्यें ते दोन वर्षांचेही नसतां या वाटेनें आले होते. या खेपेस मुलगा व नातू बरोबर घेऊन स्वतः सायकल चालवीत आले.

जमलेलें द्रव्य निर्वासितांच्या साहाय्यार्थ वर्ल्ड ज्यूइश रिलीफ या संस्थेकडे गेलें. १९३३ मध्यें स्थापन झालेली व त्या मुलांस आणण्यांत पुढाकार घेणारी संस्था ती हीच. तेव्हां तिचें नांव सेंट्रल ब्रिटिश फंड असें होतें.