वेदनेची वाट अडविणारी सुई

जुनाट अर्धशिशीनें गांजलेल्या मनुष्याचें कपाळ ठणकतें. डॉक्टर मात्र कित्येकदां सुई टोंचतात ती डोक्याच्या मागें, मानेच्या किंचित् वर. कारण या दोन्ही भागांतील मज्जातंतूंचे संदेश मज्जारज्जूच्या मानेंतील वरच्या टोंकास एकत्र येतात. एका बाजूचा संदेश अडविला, कीं दुसरीचा क्षोभही पुष्कळदां शमतो.

या युक्तीची किंमत मोठी पडली. इ. स. १८८४ मध्यें व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला. लागलीच न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं तेंच औषध मज्जातंतूजवळ टोंचून पाहिलें. प्रयोग त्यांनीं स्वतःवर व सहकाऱ्यांवर केले. वेदनेची वाट अडली; पण हॉल्स्टेड यांस कोकेनचें व्यसन जडलें. पुढें बाल्टिमोर येथें कीर्ति मिळाली, तरी मादक द्रव्याचा पाश १९२२ मध्यें मरण येईपर्यंत सुटला नाहीं.

१९०५ मध्यें प्रोकेन प्रचारांत आलें, १९४८ मध्यें लिडोकेन. व्यसनाचें तें भय सरलें. सुईची बधिरता कांहीं तासांत ओसरते, आराम मात्र कित्येकांस आठवडेच्या आठवडे लाभतो. तो सर्वांस लाभत नाहीं, रोगही समूळ जात नाहीं. तथापि ज्यास लाभतो, त्याच्या स्वस्थ निद्रेमागें एका शस्त्रवैद्याचें उद्ध्वस्त स्वास्थ्य उभें आहे.